ताळगावच्या पठारावर पहिलं सत्र: महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलामुलींसाठी

जून-जुलैत ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, पाऊस आडवा येतो. छत्री उलटी होते आणि हातातला प्रवेशाचा कागद भिजायचा तो भिजतोच. तेव्हा सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी सॅकच्या आत. ही झाली सोपी सूचना. बाकीच्या तितक्या सोप्या नाहीत.

मी सावंतवाडीकडची. घरात मालवणी, शाळेत मराठी. गोवा विद्यापीठात एम.ए.ला आले तेव्हा मनात होतं, आपल्या गावापासून दोन तासांची तर वाट, त्यात परकं काय असणार? या समजुतीनेच माझं पहिलं सत्र जड गेलं. केरळातून, मणिपूरमधून, आफ्रिकेतून आलेली मुलं आपण परमुलखात आहोत हे धरूनच चालतात. विचारतात, चुकतात, हसतात, शिकतात. आपण विचारत नाही, कारण आपल्याला सगळं ठाऊक आहे असं आपल्याला वाटतं. माहितीपत्रकातले ‘विविधता’, ‘समावेशकता’, ‘आंतरसांस्कृतिक सामंजस्य’ हे जड शब्द वाचून आपण पान उलटतो. ते दुरून आलेल्यांसाठी असणार असं धरून. गोव्यात ते शब्द सगळ्यात जास्त गरजेचे आहेत ते आपल्याला, शेजाऱ्यांना.

१. निघण्यापूर्वी: कोणता दाखला पत्रादेवीचा नाका ओलांडतो?

जातीचा दाखला राज्याची हद्द ओलांडून आपोआप चालत नाही. हे अनेकांना प्रवेशाच्या खिडकीपाशी कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली एका आंध्रातल्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. वडिलांच्या नोकरीमुळे तो मुंबईत आला होता आणि मूळ राज्यातल्या अनुसूचित जमातीच्या दाखल्यावर मुंबईत वैद्यकीय प्रवेश मागत होता. न्यायालय म्हणालं, ही यादी त्या-त्या राज्यापुरती असते. म्हणजे महाराष्ट्राचा दाखला खराच आहे, पण गोवा राज्याच्या राखीव जागेसाठी तो धरला जाईल असं समजू नका. जातीचं नाव दोन्ही याद्यांत सारखं असलं तरीही.

आणि नाव सारखं असून अर्थ वेगळा, हाही घोळ आहे. महाराष्ट्रात कुणबी इतर मागासवर्गात. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप हे २००३ पासून अनुसूचित जमाती. गोव्यातला कुणबी वेगळा, त्याचा इतिहास वेगळा. त्याची बायकांनी नेसायची लाल चौकड्यांची साडी तुम्ही चित्रांत पाहिली असेल. आपला कुणबी दाखला पुढे सरकवून ‘इथे एसटी आहे ना?’ विचारणारा मुलगा मी स्वतः पाहिला आहे. खोटेपणा नव्हता, निव्वळ अज्ञान. पण रांगेत मागे काणकोणचा एक वेळीप मुलगा उभा होता, आणि त्याचा चेहरा मला आठवतो.

शिष्यवृत्तीचं उलट आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तुमचं मूळ राज्य देतं, तुम्ही शिकायला दुसरीकडे असलात तरी. त्यामुळे अर्ज तिकडे करायचा, आणि त्यासाठी इथून बोनाफाइड आधी काढून ठेवायचं.

अपंगत्वाचं कार्ड मात्र हद्द ओलांडतं. यूडीआयडी, म्हणजे हेच कार्ड, देशभर चालतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सवलत दिलेली आहे. लेखनिक, जास्तीचा वेळ, तळमजल्यावरची खोली, जे लागेल ते पहिल्याच आठवड्यात लेखी मागा. परीक्षेच्या आदल्या दिवशी मागितलं तर समोरचा चांगला असूनही काही करू शकत नाही.

२. एक वाक्य बोलू नका

‘कोंकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?’

मी ते बोलले होते. जेवणाच्या टेबलावर, हसत, अगदी प्रेमाने, ‘आमची मालवणी आणि तुमची कोंकणी एकच की’ असं पुढे जोडून. टेबलावर सहा जण होते. कोणी भांडलं नाही. फक्त त्यानंतर दोन आठवडे माझ्याशी सगळे इंग्रजीत बोलत राहिले.

ते का दुखतं, हे कळायला थोडा इतिहास लागतो. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. गोवा वेगळा राहिला. विलीनीकरणाच्या बाजूचा एक मोठा मुद्दा हाच होता की कोंकणी ही स्वतंत्र भाषा नाही. पुढे १९७५ ला साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ ला राजभाषा कायदा झाला, १९९२ ला ती आठव्या परिशिष्टात आली. राजभाषेच्या आंदोलनात माणसं मेली. तुमच्या टेबलावरच्या मुलीची आजी त्या मोर्चात असू शकते. तुमच्यासाठी जी भाषाशास्त्राची गंमत आहे, ती त्यांच्यासाठी घरातली गोष्ट आहे.

आता याची दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी. त्याच १९८७ च्या कायद्यात देवनागरी कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीचा वापर शासकीय कामासाठी करण्याची तरतूदही आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत तुम्हाला असे गोंयकार भेटतील की जे घरी कोंकणी बोलतात, देवळात मराठी अभंग म्हणतात, जत्रेत रात्रभर मराठी संगीत नाटक करतात, सकाळी मराठी पेपर वाचतात आणि ‘माझी भाषा मराठी’ असं ठासून सांगतात. त्यांना मराठीचं स्थान अजून वर हवं आहे. तेही पाहुणे नाहीत. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६६ टक्के लोकांनी मातृभाषा कोंकणी सांगितली आणि जवळजवळ ११ टक्क्यांनी मराठी.

तिसरी बाजू रोमी, म्हणजे रोमन लिपीत कोंकणी लिहिणाऱ्यांची. कायद्यात कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी, ही त्यांची जुनी तक्रार. चर्चमधली प्रार्थना, तियात्र (कोंकणीतलं गाण्यांचं नाटक), त्यांच्या घरातली पत्रं सगळी रोमीत. पहिला तियात्र १८९२ साली झाला तो मुंबईत, हे सांगितलं की मुंबईची मुलं चकित होतात.

म्हणजे भाषेचा प्रश्न इथे तिहेरी आहे आणि तुम्ही त्यात पंच म्हणून आलेला नाहीत. कोणी ओढलंच तर ‘मी ऐकतोय’ म्हणा. विद्यापीठात कोंकणी, मराठी, पोर्तुगीज, तिन्ही विभाग आहेत. तिथल्या माणसांशी चहावर बोलून जे कळेल ते फेसबुकवर कळणार नाही. आणि बा. भ. बोरकर, म्हणजे इथले बाकीबाब, दोन्ही भाषांत लिहीत होते. त्यांच्या नावाचं अभ्यागत अध्यासन याच विद्यापीठात आहे, तुलनात्मक साहित्यासाठी.

३. कान तयार करा

आपल्याला कोंकणी बरीचशी कळते. धोका तिथेच आहे, कारण उरलेली चुकीची कळते.

कोंकणीत ‘तूं’ मोठ्यांनाही चालतं. मुलगा आईला, आजोबांना ‘तूं’ म्हणतो आणि त्यात तुटकपणा नसतो. कँटीनमधला माणूस तुम्हाला ‘तुका कितें जाय?’ (तुला काय हवं?) विचारतो तेव्हा तो उद्धट नाही. पुण्याच्या कानाला हे टोचतं. टोचू दे, आठवडाभरात जातं.

त्याहून गमतीचं म्हणजे, तरुण मुलीबद्दल कोंकणीत नपुंसकलिंग वापरतात. ‘तें आयलें’ म्हणजे ‘ती आली’. माझी कोल्हापूरची खोलीमैत्रीण पहिल्यांदा हे ऐकून खवळली होती: ‘मला ते म्हणतात? मी काय वस्तू आहे?’ मला मालवणीमुळे सवय होती, म्हणून तिला समजावता आलं. मांजराचं पिल्लू, लेकरू, चेडूं म्हणजे मुलगी. लाडाचं ते सगळं ‘तें’.

‘शीत’ म्हणजे शिजवलेला भात, थंडीशी संबंध नाही. पाणी ‘उदक’, उद्या ‘फाल्यां’. रोमीत आलेला व्हॉट्सॲप मेसेज वाचताना एक्स अक्षराचा उच्चार ‘श’ करायचा, हे आधी कोणीतरी सांगायला हवं होतं मला. वर्गाच्या ग्रुपवर शीतकडीचा बेत रोमीत आला होता आणि मी तो दहा मिनिटं चुकीचा वाचत बसले.

शिकायला तीन वाक्यं पुरेत. ‘म्हाका कोंकणी येना, पूण हांव शिकतां.’ ‘मात्शें सवकास उलय’, म्हणजे जरा सावकाश बोल. आणि आभारासाठी ‘देव बरें करूं’. उच्चार चुकले तर लोक हसतील, पण ते हसणं दार उघडणारं असतं. मात्र मराठी वाक्याला कोंकणी हेल काढून बोलू नका. ती नक्कल वाटते.

४. आडनाव आणि कुळदेव

मराठी घरांत ‘तुमचं कुळदैवत कुठलं?’ हा साधा प्रश्न आहे. मावशीच्या मैत्रिणी तो दुसऱ्या वाक्याला विचारतात. गोव्यात तो जवळजवळ जातीचा प्रश्न आहे. प्रियोळचा मंगेश, कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा. देवस्थानाची महाजनकी, म्हणजे देवळाच्या कारभाराचा पिढीजात हक्क, कोणाकडे आहे यावरून ऐकणाऱ्याला घराण्याची जात कळते. विचारणाऱ्याला कळायचं नसलं तरी. ज्याच्या घराला त्या महाजनकीत कधी जागाच नव्हती, त्याने काय उत्तर द्यायचं?

ख्रिस्ती मित्राला ‘धर्म बदलण्याआधीचं आडनाव काय होतं?’ हे तर विचारूच नका. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट तुम्ही अशी विचारता जणू तो काल कुठलं तरी सामान विसरून आलाय. काही जण स्वतः होऊन सांगतात, अभिमानानेही सांगतात. ते त्यांच्यावर सोडा. आणि धर्म बदलला म्हणून जात गेली असंही नाही. बामण, चार्डो, सुदिर हे शब्द ख्रिस्ती घरांतही लग्नाच्या वेळी निघतात. देवळांच्या महाजनकीवरून आणि चर्चच्या कॉन्फ्रारियांवरून (धार्मिक मंडळांवरून) गोव्यात कोर्टकज्जे झालेले आहेत. ‘गोव्यात सगळे गुण्यागोविंदाने राहतात’ हे वाक्य पर्यटन खात्यासाठी ठीक आहे.

तरीही काही गोष्टी बघून माणूस गप्प होतो. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता, ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, आणि सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, हिंदू तेल घेऊन जातात. शिवोलीचा जागर हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात, डिसेंबरच्या अखेरीला. जमलं तर जा. मोबाइल खिशात ठेवा.

५. ताटावर

गोव्यातले बरेच हिंदू सोमवारी नुस्तें, म्हणजे मासे, खात नाहीत, काही जण गुरुवारीही नाही. बरेच ख्रिस्ती ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी मांस खात नाहीत. काही घरांत डुक्कर, काही घरांत गोमांस, काही घरांत कांदाही नाही. मेसच्या टेबलावर हे सगळं शेजारी-शेजारी येतं.

नियम एकच: काय खात नाही ते आधी सांगा, ताट समोर आल्यावर नाही. मडगावकडे वर्गमित्राच्या घरी फेस्ताला बोलावलं असेल तर दोन दिवस आधी साधेपणाने सांगा, ‘आंटी, मी डुक्कर खात नाही’. ती रागावत नाही. तुमच्यासाठी वेगळं करते, वर बेबिंका हे गोड पक्वान्न बांधून देते. रागावते ती तुम्ही सोरपोतेलच्या (डुकराच्या मटणाच्या) वाडग्याकडे बघून नाक मुरडलंत तर. शाकाहारी असाल तर तेही सांगा, पण शाकाहार हा जास्त स्वच्छ धर्म असल्याच्या सुरात नको. आणि शेजारच्या ताटात काय आहे त्यावर बोलू नका, आपल्या वसतिगृहातल्या ताटावर तर अजिबात नाही. एवढं पाळलं तरी निम्मी भांडणं होत नाहीत.

६. ‘घाटी’ आणि आपण

कधीतरी तुम्हाला हा शब्द ऐकू येईल. सावंतवाडी घाटाच्या खाली आहे हा माझा खुलासा कोणाच्या कामी आला नाही. मित्र थट्टेत म्हणत असेल तर एकदा सांगा की मला आवडत नाही. बहुतेक वेळा तेवढ्यावर थांबतं. थांबलं नाही तर पुढचा भाग वाचा.

पण स्वतःचीही झडती घ्या. ‘लमाणी’ हा समाजाचा शब्द गोव्यात शिवीसारखा वापरला जातो आणि ऐकून आपण हसतो. ईशान्येच्या मुलीला आपण ‘चिंकी’ म्हणतो. आफ्रिकेतला कोणीही विद्यार्थी दिसला की ‘नायजेरियन’. त्याचा देश कुठला हे विचारायला किती वेळ लागतो?

खोली विदेशी विद्यार्थ्याबरोबर घेत असाल तर घरमालकाने त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म (आधी याला सी-फॉर्म म्हणत) ऑनलाइन भरायचा असतो, मुक्काम सुरू झाल्यापासून २४ तासांत. दीर्घ व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्यालाही १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. घरमालक हे टाळण्यासाठी खोलीच नाकारतात, हे मी पाहिलं आहे. पोर्टल उघडून मालकाबरोबर बसा आणि फॉर्म भरून द्या. ‘मी तुझ्या पाठीशी आहे’ म्हणण्यापेक्षा हे जास्त उपयोगी.

७. तक्रार करायची वेळ आली तर

इथे सावकाश वाचा, कारण गरज पडेल तेव्हा डोकं थाऱ्यावर नसतं.

रॅगिंगविरोधी हमीपत्र दर वर्षी ऑनलाइन भरायचं असतं. ते भरताना राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक फोनमध्ये ठेवा: १८००-१८०-५५२२. वसतिगृहातल्या ‘ओळखपरेडी’त गाणं म्हणायला लावणंही रॅगिंगमध्ये येऊ शकतं, मारहाण झाली तरच तक्रार, असं काही नाही.

लैंगिक छळासाठी प्रत्येक विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते, यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक, समितीत बाहेरचा एक सदस्य, आणि प्रकरणात विद्यार्थी असतील तर विद्यार्थी प्रतिनिधीही. तक्रार लेखी, घटनेपासून ३ महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. मुलग्यांना आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही तक्रार करता येते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

जात, धर्म, भाषा, अपंगत्व यावरून भेदभाव होत असेल तर यूजीसीच्या २०१२ च्या समता नियमावलीत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद आहे. वर्गात सगळ्यांसमोर जात उच्चारणं, ‘राखीववाले’ म्हणून वेगळं काढणं, हे त्यात भेदभावातच धरलं आहे. प्रवेशाच्या वेळीच विद्यापीठाच्या सूचनाफलकावरून या दोन-तीन नावांचे दूरध्वनी लिहून घ्या.

आणि कागद. त्याच रात्री लिहा: तारीख, वेळ, जागा, कोण काय बोललं, शब्दशः, कोण समोर होतं. मेसेजचे स्क्रीनशॉट. अर्जाच्या दोन प्रती, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का. शिक्का मारायला ‘उद्या या’ म्हटलं तर तिथेच बसून ईमेल पाठवा. मी एकदा एका कार्यालयात (कुठल्या ते राहू दे) तोंडी सांगून आले आणि महिन्याने कोणालाच काही आठवत नव्हतं.

मराठीत लिहिलं तरी चालेल का, असं मुलं विचारतात. लिहा. ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत आधी लिहा, मग कोणाकडून तरी इंग्रजी करून दोन्ही जोडा.

तक्रारीएवढं नाही पण झोप लागत नाही, असं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही. गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आणि मनोरुग्णालय, दोन्ही बांबोळीत, पठारापासून जवळ. तिथे जाताना कोणी बघेल का ही भीती मीही बाळगली होती. बघितलं. काही झालं नाही.

८. वर्गाबाहेर पडा

१ जून १९८५ ला हे विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी इथलं पदव्युत्तर शिक्षण मुंबई विद्यापीठाच्या पणजीतल्या केंद्रात चालायचं. तेव्हा आपलं-त्यांचं करायचं तर धागा तसा जुना आहे. अभ्यागत अध्यासनांच्या नावांची यादीच बघा: गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी, व्यंगचित्रकार मारियो मिरांडा, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात आयुष्य घातलेले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, आणि कुन्या रिवारा. हा शेवटचा पोर्तुगीज अधिकारी, ज्याने एकोणिसाव्या शतकात कोंकणीच्या इतिहासावर निबंध लिहून तिची बाजू मांडली. ही व्याख्यानं दुसऱ्या विभागाची असली तरी जाऊन बसा. माझ्या दोन सगळ्यात घट्ट मैत्री तिथल्या मागच्या बाकावर झाल्या.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह आहे. मराठा-पोर्तुगीज संबंधांत रस असेल तर तिथून हलणार नाही. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ पासूनचं. एका संध्याकाळी तियात्र, एका रात्री जत्रेतलं नाटक. दोन्ही एकाच महिन्यात बघा. शक्य असेल तर एखादा तियात्रवाला मित्र जत्रेला न्या आणि त्याच्याबरोबर तियात्राला जा. त्याने तुम्हाला विनोद समजावायचे, तुम्ही त्याला नाट्यपदं.

९. चवथ

भाद्रपदात गणपतीला, म्हणजे इथल्या चवथीला, पठार रिकामं होतं. गाड्या भरतात, तेव्हा घरी जायचं असेल तर तिकीट महिनाभर आधी. माझ्यासारखं राहून गेलात तर कोणीतरी घरी बोलावेलच. तिथे गणपतीच्या वर माटोळी बघा: रानातली फळं, कंदमुळं, कंगलां, सुपारीचे घोस, सगळं लाकडी चौकटीला टांगलेलं. काहींची नावं तुम्हाला येणार नाहीत. विचारा. नावं सांगायला घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस पुढे येतं, आणि ते तुम्हाला ‘तूं’ म्हणतं.